एक आठवण दुसरीला झाकते तेव्हा

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वर्धापनदिन हा आठवणींचा दिवस. आज सकाळपासून इथे बऱ्याच आठवणी निघाल्या. विटा कोणी दिल्या, पत्रे कोणी आणले, पहिली वंदना कोणी घेतली. ऐकून समाधान वाटलं. पण मी आज बोलणार आहे ते आठवणीच्या दुसऱ्या बाजूबद्दल. एखादी गोष्ट आपण पुन्हा पुन्हा आठवतो, तेव्हा तिच्या शेजारची दुसरी गोष्ट मागे सरकते. आठवणं आणि विसरणं ही एकाच हाताची दोन कामं आहेत, असं म्हटलं तरी चालेल. विषय ऐकायला जरा अवघड वाटेल, पण तो आपल्या घरातला, आपल्या वस्तीतला आणि आपल्या चळवळीतला आहे.

आपण एक प्रयोग करू. मी "महाड" म्हणतो. तुमच्या मनात काय आलं? चवदार तळं. २० मार्च १९२७. बाबासाहेबांची ओंजळ. आणखी थोडा विचार केला तर २५ डिसेंबर १९२७, मनुस्मृतीचं दहन. इथवर लहान मुलंसुद्धा सांगतील. आता पुढे विचारतो. महाडची परिषद भरावी म्हणून खटपट करणारे कोण? रामचंद्र बाबाजी मोरे. मदतीला कोण होतं? अनंत विनायक चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस. सार्वजनिक पाणवठे खुले करावेत असा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली कोणी आणला? सीताराम केशव बोले यांनी. मनुस्मृती जाळण्याचा ठराव कोणी मांडला? गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. आणि त्याच डिसेंबरात बाबासाहेब महाडला स्त्रियांशी वेगळं बोलले. त्या ऐकणाऱ्या बायका कोण होत्या? त्यांतल्या किती जणींची नावं आपल्याला येतात?

सभागृह शांत झालं. हे साहजिक आहे. नेहमीचं उत्तर असं, की ही नावं कोणी सांगितलीच नाहीत, पुस्तकात आली नाहीत. ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण एवढंच कारण नाही. ज्यांनी ही नावं एकदा वाचली आहेत, ऐकली आहेत, त्यांनासुद्धा ती ऐन वेळी आठवत नाहीत. तळं आणि ओंजळ इतकी ठळक होते की तिच्याभोवतीचं बाकीचं अंधुक होतं.

मानसशास्त्रातल्या लोकांनी हे तपासून पाहिलेलं आहे. १९९४ साली अमेरिकेत मायकेल अँडरसन, रॉबर्ट ब्योर्क आणि एलिझाबेथ ब्योर्क यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोग साधा आहे. विद्यार्थ्यांना शब्दांच्या जोड्या वाचायला दिल्या. आपल्या भाषेत समजा, फळ आणि आंबा, फळ आणि पेरू, फळ आणि सीताफळ. तसंच दुसरा गट, पक्षी आणि मोर, पक्षी आणि साळुंकी, असे बरेच गट. मग काही गटांतले फक्त निम्मे शब्द त्यांच्याकडून वारंवार आठवून घेतले. म्हणजे "फळ, आं..." एवढंच दाखवायचं आणि बाकीचं त्यांनी भरायचं. पेरूची उजळणी नाही, सीताफळाची नाही. पक्ष्यांच्या गटाला तर हातच लावला नाही. थोड्या वेळाने सगळ्यांची परीक्षा घेतली.

निकाल काय आला? ज्यांची उजळणी झाली ते शब्द शेकडा ७४ च्या आसपास आठवले. यात नवल नाही. ज्या गटाला अजिबात हात लावला नव्हता, ते पक्षी शेकडा ४९ च्या आसपास आठवले. आणि ज्या गटातली निम्मी फळं घोकली, त्यातली उरलेली निम्मी? ती शेकडा ३८ च्या आसपास. इथे मेख आहे. पेरू आणि मोर, दोघांचीही उजळणी झाली नव्हती. दोघं सारखेच दुर्लक्षित. तरी पेरू मोरापेक्षा जास्त विसरला गेला. कारण त्याचा भाऊ आंबा वारंवार पुढे आणला गेला. जो जवळचा होता, तोच मागे पडला.

आपल्या डोंगरातल्या पायवाटेचं उदाहरण घ्या. वापरात नसलेली वाट पावसाळ्यात गवताने बुजते, हे आपण जाणतो. हा साधा विसर. पण इथे त्याहून जास्त घडतं. आपण आपल्या रोजच्या वाटेवरचे काटे उचलतो आणि नकळत शेजारच्या वाटेवर टाकतो. आपली वाट स्वच्छ होते. शेजारची नुसती बुजत नाही, ती काट्यांनी अडते.

हे नेमकं कशाने होतं याबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. काहींचं म्हणणं, मन हवं ते शोधताना मध्ये येणाऱ्या गोष्टी दाबून ठेवतं. काहींचं म्हणणं, दाबत काही नाही, बळकट झालेली आठवण दारातच उभी राहते आणि दुसरीला बाहेर येऊ देत नाही. परिणाम सगळ्या प्रयोगांत सारखा टिकतोच असंही नाही. काही प्रयोगांत एका दिवसात तो पुसून गेला. म्हणून कोणी असं समजू नये की मागे पडलेली आठवण मेली. बहुतेक वेळा ती आत शाबूत असते. फक्त नेहमीच्या दाराने बाहेर येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आपल्या कामाची सगळी आशा त्यात आहे.

आता पुढची गोष्ट ऐका, ती आपल्यासारख्या सभा घेणाऱ्या लोकांसाठी जास्त महत्त्वाची आहे. २००७ साली अलेक्झांड्रू कुक, जोनाथन कॉपेल आणि विल्यम हर्स्ट यांनी दाखवलं की हा परिणाम फक्त बोलणाऱ्यावर होत नाही, ऐकणाऱ्यावरही होतो. बोलणारा एखाद्या प्रसंगातला एक भाग सांगतो, ऐकणारा मनातल्या मनात त्याच्याबरोबर आठवत जातो, आणि वक्त्याने जे गाळलं ते ऐकणाऱ्याच्याही मनात मागे सरकतं. त्याचा अर्थ काय होतो पाहा. व्यासपीठावरचा माणूस जे बोलतो त्याची जबाबदारी त्याच्यावर असतेच. पण प्रसंग सांगता सांगता तो ज्याविषयी गप्प राहतो, त्याचीही जबाबदारी त्याच्यावर येते.

आपल्या मुळशीचंच घ्या. "मुळशी सत्याग्रह" म्हटलं की सेनापती बापट. हे नाव घेतल्याशिवाय इथे भाषण होत नाही आणि होऊही नये. टाटा कंपनीने मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतलं. सह्याद्रीवरचं पावसाचं पाणी अडवायचं, ते घाटाखाली भिऱ्याला सोडायचं, त्यावर वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची अशी योजना. त्यात पन्नासच्या आसपास गावं जाणार होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. १९२४ च्या अखेरीस सेनापतींनी रेल्वे अडवली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. पुढे धरण झालं, गावं पाण्याखाली गेली. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या ग्रंथात या लढ्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलं आहे. लढ्यातलेच एक पुढारी विनायकराव भुस्कुटे यांनीही त्याचा इतिहास लिहून ठेवला आहे.

सेनापतींचं मोठेपण तिळभरही कमी करायचं नाही. पण आंबा आणि पेरू आठवा. एका माणसाचं नाव शंभर वर्षं घोकलं गेलं. मग त्याच लढ्यातलं, त्याच गटातलं, बाकीचं काय झालं? जमीन बऱ्याच ठिकाणी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती आणि कसत होती ती इथली कुळं. भरपाईचा पैसा घेऊन मोकळं व्हायला सावकार तयार होते, कारण त्यांचा जीव त्या मातीत नव्हता. नुकसानभरपाई जमिनीच्या मालकाला मिळते, कसणाऱ्याच्या घामाला मिळत नाही. हा भेद किती जणांना आठवतो? बायका सत्याग्रहात उतरल्या, तुरुंगात गेल्या. त्यांच्यापैकी किती जणींची नावं आपल्या तोंडी आहेत?

आणि गाव म्हटलं की गावकुसाबाहेरचा महारवाडा आलाच. त्या माणसाचं जगणं गावाशी दोन दोरांनी बांधलेलं, एक वतनाचा तुकडा आणि दुसरं बलुतं. गाव पाण्याखाली गेलं म्हणजे शेतकऱ्याची शेती गेली. पण येसकराची तर गावकीच गेली. ज्या गावाची त्याने रात्रभर राखण केली ते गावच राहिलं नाही. तो कुठे गेला? कोणत्या गावाने त्याला जागा दिली? नव्या गावात आधीच दुसऱ्याचं वतन, मग त्याच्या वाट्याला काय आलं? सत्याग्रहाच्या भाषणांत हे प्रश्न येत नाहीत. कोणी मुद्दाम दडवले, असं माझं म्हणणं नाही. "मुळशी" हा शब्द उच्चारला की सगळ्यांची आठवण एकाच रस्त्याने धावते, आणि जितक्या वेळा धावते तितका दुसरा रस्ता अडतो. म्हणून या प्रश्नांची उत्तरं शोधायची तर सत्याग्रहाच्या नावाने विचारून भागणार नाही. "तुमची आजी कोणत्या गावची, तिच्या माहेरी पाणी कुठून भरायचे" असं विचारावं लागेल.

हे फक्त इतिहासात होतं असं नाही. घरात माणूस जातं. जलदान विधी होतो, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. एक जण उठून सांगतो, "बाबा फार कडक शिस्तीचे होते." पुढचा वक्ताही तेच सांगतो. तिसराही तेच. संध्याकाळपर्यंत बाबा म्हणजे फक्त शिस्त. ते ढोलकी चांगली वाजवायचे, आजारी शेजाऱ्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात न्यायचे, हे सांगायला उठलेला माणूसही शेवटी शिस्तीवरच बोलून खाली बसतो. नाहीतर दुसरं टोक. शेवटचं आजारपण लांबलं असेल तर घरचे वर्षभर तेच बोलत राहतात. सलाईन, ऑक्सिजन, डॉक्टर काय म्हणाले. चाळीस वर्षांचा संसार त्या चाळीस दिवसांखाली दबून जातो. दुःख करू नये असं मी म्हणत नाही. पण घरातल्या एकाने तरी हळूच विचारावं, "आई तरुणपणी कशी होती गं?" तेवढ्या एका प्रश्नाने दुसरं दार उघडतं.

मित्रहो, आठवण हा विषय आपल्या धम्माला नवा नाही. "सति" या पालि शब्दाचा मूळ अर्थच स्मरण. आणि धम्म टिकला तो आधी स्मरणावर, लेखन नंतर आलं. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती झाली, ५०० भिक्खू जमले. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात तिची हकीकत आहे. महाकस्सपांनी तिथे "जे आठवेल ते सांगा" असं म्हटलं नाही. उपालींना त्यांनी एकेका नियमाबद्दल विचारलं, तो कुठे घालून दिला, कोणाच्या बाबतीत, कोणत्या गोष्टीवरून. आनंदांना विचारलं, हे प्रवचन कुठे झालं, कोणाला उद्देशून. स्थळ, माणूस, प्रसंग. प्रत्येक आठवणीला तिचं स्वतःचं दार ठेवलं. आजचे मानसशास्त्रज्ञ ज्याला आठवणीची खूण म्हणतात ती हीच.

तरीही काही निसटलंच. आनंद म्हणाले, संघाला वाटल्यास बारीकसारीक नियम सोडून द्यावेत अशी भगवंतांनी मुभा दिली होती. थेरांनी विचारलं, बारीकसारीक म्हणजे नेमके कोणते? आनंदांनी ते विचारून घेतलं नव्हतं. मग एक थेर म्हणाले इथपर्यंतचे मोठे, दुसरे म्हणाले तिथपर्यंतचे. एकमत होईना. शेवटी काहीच सोडायचं नाही असं ठरलं. यातला विवेक बघा. काय कमी महत्त्वाचं आहे हे आपल्याला नक्की ठाऊक नसेल, तर गाळायची घाई करू नये.

याच हकीकतीत पुराण नावाच्या भिक्खूंची गोष्ट आहे. संगीती संपल्यावर ते आपल्या भिक्खूंसह दक्खिणागिरीहून राजगृहाला आले. थेर म्हणाले, धम्म आणि विनय यांचं संगायन झालं आहे, ते तुम्ही स्वीकारा. पुराण म्हणाले, संगायन उत्तम झालं, पण मी मात्र भगवंतांच्या तोंडून जसं ऐकलं तसंच ध्यानात ठेवीन. आणि ज्यांनी ग्रंथ राखला त्यांनी ही नोंदही राखली. सर्वांनी मिळून एक पाठ ठरवला, आणि ज्याची आठवण त्या पाठात बसत नव्हती त्याचं म्हणणंही लिहून ठेवलं. आपल्या स्मरणिका अशा व्हायला नकोत का?

बाबासाहेबांनीही "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात हा प्रश्न घेतला आहे. भगवंतांची वचनं भाणक तोंडपाठ ठेवत. साठा मोठा आणि भिस्त स्मरणशक्तीवर, म्हणून चुकीचं वृत्त पसरण्याचे प्रसंग आले, हे त्यांनी दाखवून दिलं आणि खुद्द भगवंतांच्या हयातीतली पाच उदाहरणं नोंदवली. म्हणजे श्रद्धेच्या गोष्टीतसुद्धा आठवण तपासून घ्यावी, हा धडा आपल्याला घरातूनच मिळालेला आहे.

कोणी म्हणेल, मग विसरणं वाईटच का? तसं नाही. सगळंच सारख्या जोराने आठवत राहिलं तर माणूस जगू शकणार नाही. आपल्या समाजाने तर काही गोष्टी ठरवून मागे टाकल्या. मेलेलं जनावर ओढणं सोडलं, येसकरपणाची काठी टाकली. वतन ही गुलामी आहे हे बाबासाहेबांनी सांगितलं, १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. अखेर १९५८ च्या कायद्याने ही वतनं रद्द झाली. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा जाऊन भीमनगर, समतानगर आलं. हे चांगलंच झालं. रोज उच्चाराने होणारा अपमान थांबला.

पण अपमान विसरताना त्याच्या शेजारची दुसरी गोष्ट वाहून जाऊ नये. गावची शीव कुठून कुठे जाते हे महाराला ठाऊक असायचं. शिवेचा तंटा झाला की त्याची साक्ष घेतली जायची. कोणता दगड, कोणता ओढा, कोणतं झाड, हे त्याच्या डोक्यात. ज्याला गावाने गावाबाहेर ठेवलं, त्याच्याच स्मरणावर गावाची हद्द उभी होती. आज पिरंगुट, हिंजवडी, भूगाव या बाजूला जमिनींचे भाव काय झाले आहेत ते तुम्ही पाहता. मोजणी येते, कुंपणं पडतात. अशा वेळी आपल्या म्हाताऱ्यांना शिवा, पाणंद, पाणवठा, मसणवट्याची जागा यांबद्दल काय माहीत आहे, हे कोणी विचारून ठेवलं आहे का? काठी टाकली ते योग्यच केलं. पण ती धरणाऱ्याचं ज्ञान टाकायचं कारण नव्हतं.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट, तरुण कार्यकर्त्यांसाठी. गावात अन्याय होतो, आपण धावून जातो. साक्षीदाराभोवती कोंडाळं होतं आणि सगळे एकच विचारतात, "शिवी काय दिली? कोणी दिली?" तो दहा जणांना तेवढंच सांगतो. पुढे जबाबाच्या वेळी पोलीस विचारतात, तिथे आणखी कोण उभं होतं, दिवा होता का, वेळ काय होती. तेव्हा त्याची गाडी अडखळते. १९९५ साली शॉ, ब्योर्क आणि हँडल यांनी साक्षीदाराच्या स्मृतीवर असाच प्रयोग केला. खोलीतल्या काही वस्तूंबद्दलच पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले, तेव्हा त्याच प्रकारच्या बाकीच्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात एका तपशिलाने निकाल फिरतो. म्हणून आधी त्या माणसाला एका बाजूला शांत बसवा. पाणी द्या. मध्ये न बोलता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांगू द्या आणि त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. प्रश्न नंतर.

आता आपल्या विहाराचं काम. आपल्याकडे वडीलधारी मंडळी थोडी उरली आहेत. १९५६ च्या धम्मदीक्षेची हकीकत स्वतः अनुभवलेली माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्याकडून काय आणि कसं विचारून घ्यायचं, याबद्दल माझ्या चार सूचना आहेत.

पहिली. प्रत्येकाला एकेकट्याने भेटा, मग सगळ्यांना एकत्र बसवा. एकत्र बसवलं की जो मोठ्याने बोलतो त्याचीच आठवण सगळ्यांची होते. १९९७ साली वेल्डन आणि बेलिंजर यांनी दाखवलं की तीन माणसं एकत्र बसून जेवढं आठवतात, त्यापेक्षा तीच माणसं वेगवेगळी बसवून त्यांच्या आठवणींची बेरीज केली तर ती जास्त भरते. बायकांना तर स्वतंत्रच भेटा. पुरुषांसमोर त्या "हे सांगतील ते खरं" म्हणून गप्प बसतात. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी गावोगाव हिंडून चळवळीतल्या स्त्रियांना विचारलं, म्हणून १९८९ साली "आम्हीही इतिहास घडवला" हे पुस्तक झालं. त्या बायका तोपर्यंत आपापल्या घरीच होत्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं एवढंच.

दुसरी. प्रश्न बदला. "बाबासाहेबांबद्दल सांगा" म्हटलं की आजी पाठ झालेलं सांगते. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. तेव्हा आजीला विचारा, "त्या दिवशी आपल्याकडून कोण गेलं होतं? पायी की गाडीने? भाकरी कोणती बांधली? तान्हं मूल कोणाकडे ठेवलं?" मिलिंदपञ्हात राजा मिलिंद नागसेनांना विचारतो की स्मृती किती प्रकारांनी जागी होते. त्यावर सोळा-सतरा प्रकार सांगितले आहेत. स्वतःच्या अनुभवाने, दुसऱ्याने आठवण करून दिल्याने, सुखाने, दुःखाने, सारखेपणाने, वेगळेपणाने, खुणेने, हिशेबाने, पुस्तकाने, गहाण ठेवलेली वस्तू पाहून. एक दार बंद असेल तर दुसरं ठोठावा.

तिसरी. वस्तू आणि काम हातात द्या. आपल्या मुळशी-मावळच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेतर्फे गोळा केल्या. पुढे महाराष्ट्रभरच्या मिळून एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, तशी ओवीही गेली असं आपल्याला वाटतं. पण बाईच्या हातात खुंटा द्या, शेजारी जोडीदारीण बसवा, आणि मग पाहा.

चौथी. सुट्या आठवणी एकमेकींना बांधा. १९९९ मध्ये अँडरसन आणि मॅककुलक यांनी दाखवलं की शिकतानाच गोष्टी एकमेकींशी जोडून घेतल्या तर एकीच्या उजळणीने दुसरी फारशी दबत नाही. उलट एक दुसरीला ओढून आणू शकते. म्हणून चवदार तळ्याचं नाव घेताना बोले ठराव घ्या, मोरे घ्या, स्त्रियांची सभा घ्या, एकाच दोऱ्यात ओवा. सेनापतींचं नाव घेताना कुळ, बाई आणि येसकर घ्या. मोठ्या नावाला त्याने कमीपणा येत नाही. सोबत आली तर मोठं नाव जास्त खरं वाटतं.

विद्यार्थ्यांनाही हेच सांगेन. परीक्षेआधी फक्त "आयएमपी" प्रश्न घोकू नका. धड्यातला एकच मुद्दा वीस वेळा आठवला तर शेजारचा मुद्दा पेपरात दगा देतो. धडा समजून, त्यातल्या गोष्टींचा संबंध लावून वाचा, आणि उजळणी सगळ्याची आलटून पालटून करा.

शेवटी एक विनंती समितीला. या स्मरणिकेत देणगीदारांची यादी आहे, पदाधिकाऱ्यांचे फोटो आहेत, ते असावेतच. पण मागे चार कोरी पानं शिवून घ्या. त्यावर "छापायचं राहिलेलं" एवढं लिहा. ज्यांनी पायाभरणीला पाणी वाहिलं, ज्यांनी कामावरच्या माणसांना चहा केला, ज्यांचं म्हणणं ठरलेल्या हकीकतीत बसत नाही, त्यांच्याकडून ती पानं भरून घ्या. प्रत्येक पौर्णिमेला वंदनेनंतर एकाच ज्येष्ठाला दहा मिनिटं बोलू द्या, आणि गेल्या वेळी जे सांगितलं ते सोडून काहीतरी सांगा, एवढीच अट घाला. एका तरुणाने ते वहीत उतरवावं आणि दुसऱ्याने मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावं. येत्या पौर्णिमेलाच सुरुवात व्हावी, कारण इथे वेळ आपल्या हातात नाही.

स्मृती म्हणजे नुसतं साठवणं नव्हे. काय पुढे येतं आहे आणि त्यामुळे काय मागे सरकतं आहे, याकडे सावधपणे पाहणं ही सुद्धा सम्यक स्मृतीच आहे, असं मला वाटतं. 

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय, जयभीम.